डाव्या पायाची चप्पल

आमच्या दुकानाच्या दारात सगळ्या चपला एकेका पायाच्या लटकतात. उजवा पाय बाहेर आकड्यावर, डावा आत खोक्यात. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या बऱ्याच चप्पलवाल्यांकडे हीच रीत. जोडी बाहेर टांगली तर दिवस मावळायच्या आत ती कुणाच्या तरी पायात जायची. एकटी चप्पल चोरून माणूस करणार काय? मी शाळेत असल्यापासून अब्बांच्या हाताखाली हे बघत आले. आता अब्बा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात आणि दुकान मी चालवते. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाने, फरहानने, जेव्हा तोंड पाडून विचारलं, "आपा, कॅसेटा चोरीला जाऊ नयेत म्हणून काय करावं?" तेव्हा मला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

कॅसेटा म्हणजे टीव्हीला मशीन जोडून खेळायच्या जुन्या गेमच्या, हातात मावणाऱ्या प्लास्टिकच्या. आम्ही लहान असताना घरोघरी होत्या. फरहान आणि त्याचा दोस्त सोमेश या दोघांनी लातुरात अशा जुन्या गेमांचा दोन दिवसांचा मेळा भरवायचं ठरवलं होतं. कोचिंग क्लासेसच्या भागातलं एक मंगल कार्यालय लग्नाची तारीख नसल्यामुळे स्वस्तात मिळालं होतं. जुने डबडे टीव्ही मिळाले, मशिनी मिळाल्या, कॅसेटा मिळाल्या. काळजी एकच. आदल्या वर्षी सोमेशने नांदेडला असाच मेळा भरवला, तेव्हा निम्म्या कॅसेटा लोकांच्या खिशातून घरी गेल्या होत्या. नेणारे काही चोर-लफंगे नव्हते, चांगल्या नोकरीतली माणसं. एकाने तर नंतर सोमेशला फोन करून सांगितलं, की लहानपण आठवलं म्हणून नेली, राग मानू नका.

सोमेशच्या डोक्यात कॅमेरे होते, साखळ्या होत्या. साखळी लावली की कॅसेट मशिनीत जाईना. मी म्हटलं, "सोपं आहे. एक चप्पल ठेवून घ्या. कॅसेट परत दिली की चप्पल परत. एका पायाने कोण घरी जातंय?"

दोघं माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं हसतील, पण सोमेशने लगेच पुठ्ठा घेऊन बोर्ड रंगवला: 'एक चप्पल ठेवा, कॅसेट घ्या. कॅसेट द्या, चप्पल न्या.'

फरहानची काळजी मात्र सगळ्या कॅसेटांची नव्हती, एकीची होती. ती त्याने स्वतः केली होती. आमच्या अब्बांना पोरगा डॉक्टर व्हायला हवा होता. लातुरात ज्याच्या घरात पोरगा आहे त्या प्रत्येकाला हे हवं असतं, त्यात अब्बांचा काही दोष नाही. फरहानने दोन वेळा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा मेडिकलला थोडक्यात राहिला. तिसऱ्या वर्षी तो अभ्यासाच्या नावाखाली खोलीत बसून एक गेम बनवत होता, जुन्या मशिनीवर चालणारा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरात जे व्हायचं ते झालं. शेवटी अब्बांनी एक अट घातली. हैदराबादच्या एका गेम कंपनीचा माणूस रविवारी दुपारी चारला मेळ्यात येऊन हा गेम बघणार होता. त्याने घेतला तर ठीक. नाहीतर सोमवारी मुकाट्याने कोचिंगला नाव घालायचं, पुन्हा पहिल्यापासून.

गेमचा नमुना एकाच कॅसेटीत होता. तिच्यातली चिप बाहेरून मागवावी लागते आणि यायला महिना लागतो. लॅपटॉपवर सगळेच दाखवतात, जुन्या मशिनीवर चालवून दाखव, असं त्या माणसाने आधीच बजावलं होतं. शिवाय चोरीची भीती होतीच. सकाळी सरांनी दिलेल्या नोट्स संध्याकाळी चौकात झेरॉक्सला मिळतात असं हे आमचं गाव. गेमची नक्कल व्हायला किती वेळ लागणार?

गेम होता अम्मीच्या माहेरचा. अम्मीचं, सुलतानबीचं, गाव औसा तालुक्यात. ते भूकंपात भुईसपाट झालं. नंतर सरकारने दुसरीकडे रांगेत घरं बांधून नवं गाव वसवलं, पण अम्मी त्याला कधी आपलं गाव म्हणत नाही. फरहानने तिला विचारून विचारून जुनं गाव टीव्हीवर उभं केलं होतं. एक बकरी सुटलेली असते. तिच्यामागे गल्लीबोळातून पळायचं, घरांच्या सपाट माळवदांवरून उड्या मारायच्या, वाळत घातलेल्या मिरच्यांवर पाय द्यायचा नाही. मशिदीवरून वळून आडापाशी आलं की स्क्रीन काळी व्हायची आणि अक्षरं यायची, 'पुढचं गाव तयार होत आहे.' कारण अम्मीचंच गाव तिथे संपत होतं. "आडाच्या पल्याड लिंगायत गल्ली होती," ती म्हणायची. "तिकडं आम्ही पोरी कशाला जातोय? मला काय ठाऊक."

शनिवारी मेळा सुरू झाला आणि माझी युक्ती बघून मला स्वतःलाच हसू आवरेना. एवढं थोरलं कार्यालय, आणि सगळं लातूर त्यात एका पायाने फिरतंय. कोचिंगची पोरं एक बूट घालून, दुसऱ्या पायात मोजा. पोट सुटलेले बापे एक सँडल काढून थंडगार फरशीवर पाय आखडून उभे. एका बाईंनी तर पायाला मेंदी आहे म्हणून चप्पल काढायला नकार दिला आणि नवऱ्याची ठेवली. पण संध्याकाळी मोजलं तर एकही कॅसेट कमी नाही. सोमेशने मला चहा पाजला. मी दोन बिस्किटं जास्त मागून घेतली, कमाई होती माझी.

रविवारी काउंटरवर सोमेश आणि बाहेरच्या दारात मी. काम सोपं होतं. जाणाऱ्याच्या पायाकडे बघायचं. एक पाय उघडा दिसला की त्याच्या खिशात कॅसेट आहे, अडवायचं. सकाळभर मी माणसांची तोंडं पाहिलीच नाहीत, नुसते पाय पाहिले. दुकानात तरी वेगळं काय करते? दोघांना अडवलं, दोघंही पाणी प्यायला निघाले होते. कुबडीवाल्या एका माणसाला नीट जाता यावं म्हणून खुर्ची मागे सरकवली. पोरींचा एक घोळका आला, तो सगळा दोन्ही पायांत चपला घालून गेला.

दुपारी जेवायला गर्दी पांगली. सोमेशने काउंटर आवरला आणि मला हाक मारली. त्याचा आवाज बदललेला होता. कॅसेटांच्या खोक्यात फरहानची कॅसेट नव्हती, आणि काउंटरवर एक चप्पल उरली होती. गर्दीत ती कुणी ठेवली ते त्याला आठवेना.

फरहान भिंतीला पाठ लावून खाली बसला. मला आधी राग आला तो त्याचाच. एवढी जिवापाड जपायची वस्तू दहा जणांच्या हातात दिलीच कशाला? पण त्याचा चेहरा बघून शब्द गिळले. कॅसेट कुणीतरी नक्कल मारायलाच नेली असणार, असं सोमेश परत परत म्हणत होता. "एक चप्पल सोडून गेला, आपा. केवढ्याची चप्पल, आणि केवढ्याचा गेम."

"पण गेला कसा?" मी म्हटलं. "दारात मी होते. उघडा पाय मला दिसला असता."

मी ती चप्पल उचलून उजेडात नेली. आणि मग मला कॅसेटपेक्षा त्या चपलेचंच नवल वाटायला लागलं. डाव्या पायाची, पुरुषाची, चामड्याची. पट्ट्याचा रंग उडालेला, चामडं कडक झालेलं, शिलाईत धूळ बसलेली. चांगली जुनी चप्पल. उलटी केली तर तळवा कोरा. टाच झिजलेली नाही, एक खडा रुतलेला नाही. आतमध्ये अंगठ्याचा ठसा नाही. चप्पल चार दिवस घातली तरी अंगठा आपली जागा करतो. ही चप्पल कित्येक वर्षं कुणाच्या तरी घरात होती आणि एक दिवसही पायात गेलेली नव्हती.

"नवी चप्पल जुनी होईपर्यंत कोण ठेवतं?" सोमेश म्हणाला.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि थांबले. तिथे पाच पाकळ्यांचं फूल ठोकलेलं होतं. ते फूल आमचं. अब्बा अजूनही प्रत्येक जोडीवर स्वतःच्या हाताने ठोकतात. मी स्कूटर काढली आणि गोलाईकडे निघाले.

अब्बा दुकानात डबा खात होते. मी चप्पल त्यांच्यापुढे धरली. "अब्बा, ही कुणाची?" असं विचारणं खरं तर मूर्खपणाच होता. आयुष्यभरात विकलेल्या चपलांतली एक कोण ओळखणार? पण त्यांनी हात पुसले, चप्पल घेतली, एकदा उलटी केली आणि तोंडातला घास तसाच राहिला.

"ही तर विरूपाक्षची," ते म्हणाले. "कुठं सापडली तुला?"

"विरूपाक्ष कोण?"

"सायकल स्टँडवाला. कोचिंगच्या मागं हाय बघ त्याचं स्टँड. भूकंपात पाय गेला त्याचा, डावा. पोरगा होता तवा. मायला घेऊन आला दुकानात, कुबडी काखेत, म्हणाला उजवीच द्या." अब्बा चप्पल हातात फिरवत राहिले. "मी म्हटलं, बेटा, जोडी मोडायची न्हाई. माझ्या बापाची शिकवण हाय, जोडी मोडली की दुकानाची बरकत जाती. आन् म्हटलं, उद्या नकली पाय बसवशील, तवा डावी लागंल की. बसवला होता त्यानं. पण लई दुखायचा, काढून ठिवला. तवापासून जोडीच नेतो बिचारा, दुपारी तू जेवायला घरी गेलीस की येतो. कधी काही बोलला न्हाई."

मी दाराकडे पाहिलं. आकड्यांवर सगळे उजवे पाय लटकत होते. त्या माणसाला जे हवं होतं तेच आमच्या दारात एवढी वर्षं वाऱ्यावर हलत होतं, आणि तो त्याच्याखालून वाकून आत येऊन दोन्ही घेऊन जात होता. मला फार लाज वाटली. अब्बांनाही वाटली असावी, त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

आणि तेव्हाच मला सकाळची कुबडी आठवली. मी खुर्ची सरकवली होती. सगळ्यांचे पाय डोळे फाडून बघणारी मी, तो आला तेव्हा दुसरीकडे बघत होते. अशा पायाकडे बघू नये, माणसाला वाईट वाटतं, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं.

सायकल स्टँडवर रविवारच्या टेस्टला आलेल्या पोरांच्या सायकली खच्चून लावल्या होत्या. दाराशी खिळ्याला पत्र्याचे बिल्ले अडकवलेले. मागे एक खोली होती आणि तिचं दार सताड उघडं होतं. चोराच्या घराचं दार असं नसतं. आतून गेमचा टुणटुण आवाज येत होता. कडक बोलायचं म्हणून मी वाक्यं जुळवतच पायरी चढले.

खोलीत एक जुना टीव्ही, त्याला जोडलेली तसलीच जुनी मशीन. खाटेच्या कडेला विरूपाक्ष बसला होता, चाळिशीचा, केस पिकायला लागलेले. त्याच्यापुढे जमिनीवर, टीव्हीला जवळजवळ नाक लावून, जाड भिंगांचा चष्मा घातलेली त्याची म्हातारी आई.

"हां, ही मशीद," ती बोटाने काचेवर दाखवत होती. "आता वळ. आला बघ आड. आडाच्या म्होरं आपला उंबरा. चल की रे."

स्क्रीन काळी झाली. विरूपाक्षने बटण दाबलं आणि बकरी पुन्हा पहिल्या गल्लीतून पळायला लागली.

"अव्वा, हितंच थांबतंय ते."

"थांबत कसं आसंल? गाव काय हितं संपत न्हाई. तू नीट चालवून न्हाई राहिला."

मी दारातच उभी राहिले. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. विरूपाक्षने वळून पाहिलं, मला ओळखलं आणि जराही दचकला नाही.

"या ताई, हनीफचाचाच्या लेक ना तुम्ही? आत्ता आणून देणारच होतो. एकदा अव्वाला दावावं म्हटलं. तिला काय तिथवर चालवत न्हाई."

"मग विचारून न्यायची होती," मी म्हटलं, पण आवाजात काही जोर उरला नव्हता.

"काल आलतो की. काउंटरवरलं पोरगं म्हणालं, चप्पल ठिवा. म्हटलं, बाबा, एकच हाय. त्याला वाटलं मी मस्करी करून राहिलो. म्हणालं, मग कॅसेट न्हाई. लांबूनच दुसऱ्याचा खेळ बघितला, तर आमचा आड दिसला. रातभर डोक्यात तेच. म्हणून आज दुसरी घेऊन गेलो घरातली. आमच्या स्टँडवर बिल्ला दिला की सायकल. तुमच्याकडं चप्पल दिली की कॅसेट. मी काय चोरून न्हाई आणली."

"पण अण्णा, ती चप्पल तर तुम्हाला लागतच नाही."

तो हसला. "लागणारीच ठिवा, असं बोर्डावर कुठं होतं?"

वाकून त्याने खाटेखालून एक पोतं ओढलं आणि तोंड उघडून दाखवलं. आत नुसत्या डाव्या चपला होत्या. सगळ्या कोऱ्या, सगळ्यांवर आमचं फूल. "फेकायच्या कशा? नव्या हायत. आणखी एखादी ठिवून घेतली तरी चालंल."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला फार वेळ उरला नव्हता. कॅसेट काढून घ्यायला मी हात पुढे केला आणि म्हातारीकडे लक्ष गेलं. ती अजून काचेतल्या आडाकडे बघत होती. गंगम्मा तिचं नाव. मी खाली बसून तिला विचारलं, "अव्वा, आडाच्या पुढचं सगळं आठवतं तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं," ती म्हणाली. "माझंच घर हाय."

मी रिक्षा बोलावली. दोघांना आणि कॅसेटीला मागे बसवलं आणि स्कूटर पुढे घातली. कार्यालयाच्या दारात अब्बा उभे होते. दुकान भर दुपारी बंद करून आले होते, हातात अजून तीच चप्पल.

हैदराबादचा माणूस वेळेवर आला. चांगला होता, घाईत होता. फरहानने कॅसेट घातली. तो माणूस बकरीमागे पळाला, माळवदांवरून उड्या मारल्या, दोनदा मिरच्यांवर पाय दिला आणि खूश झाला. मग आड आला आणि स्क्रीन काळी झाली.

"पुढे काय आहे?" त्याने विचारलं.

फरहानने त्याच्या हातातून रिमोट घेतलं. 

"पुढं शिदाप्पाचा गोठा," मागून गंगम्मा बोलली. तिला खुर्चीवर बसवलं होतं, तिला वाटलं प्रश्न तिलाच आहे. "गोठ्यात देवणी गाय. लई मारकी, त्या अंगानं जायचं न्हाई. मग कडुलिंब. त्याच्या बुडाला आमचा उंबरा."

फरहानने खेळाचं रिमोट खाली ठेवलं आणि तिच्यापुढे फरशीवर मांडी घालून बसला. कडुलिंब कुठल्या हाताला? उंबरा दगडाचा की लाकडाचा? गोठ्याची भिंत उडी मारून जाण्याएवढी की उंच? म्हातारी सांगत होती आणि तो कोचिंगच्याच एका जुन्या कागदाच्या पाठीवर रेघा ओढत होता. मी त्याला कोपर मारलं, कंपनीचा माणूस थांबलाय म्हणून. त्याला कळलंच नाही. त्या माणसाने थोडा वेळ ऐकलं, घड्याळ पाहिलं, अब्बांना म्हणाला, "पूर्ण झाला की पाठवायला सांगा, बघू." आणि गेला.

'बघू'चा अर्थ दुकानदाराला सांगावा लागत नाही. आमच्याकडे रोज माणसं चपला घालून बघतात आणि 'बघू' म्हणून जातात. मी अब्बांकडे पाहिलं. अट त्यांची होती आणि ते शब्दाला पक्के आहेत.

"उंबऱ्यावर कोणी बसलेलं दाखवू का?" फरहान विचारत होता.

"दाव की," गंगम्मा म्हणाली. "शरणम्मा बसली आसंल. माझी लेक. शेंगा फोडून राहिली आसंल, आन् निम्म्या तोंडात."

विरूपाक्षने मान खाली घातली. भूकंपात गेलेल्या बहिणीचं नाव त्या दोघांत किती दिवसांनी निघालं होतं कोण जाणे. फरहानची पेन्सिल थांबली. मग त्याने उंबऱ्यावर एक छोटा गोल काढला आणि हळू आवाजात विचारलं, "परकर कुठल्या रंगाचा?"

"हिरवा."

कार्यालयात खुर्च्या आवरायला सुरुवात झाली होती. मला राहवेना. "अब्बा," मी म्हटलं, "उद्याचं काय? कोचिंगचं?"

अब्बांनी मला उत्तर देताना माझ्याकडे पाहिलं नाही, ते त्या कागदाकडे बघत होते. "उद्या कशाचं कोचिंग," ते म्हणाले. "आधी त्याला बाईचं घर बांधू दे."

सोमवारी सकाळी मी दुकानात पोचले तेव्हा अब्बा माझ्याआधी येऊन शिडीवर चढले होते. वयाला शोभत नाही म्हणून मी ओरडले, त्यांनी ऐकलं नाही. आकड्यावरची एक उजवी चप्पल, विरूपाक्षच्या मापाची, त्यांनी काढली आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. मग आतल्या खोक्यातून तिची डावी काढली आणि त्याच आकड्याला बाहेर टांगली.